गप्प बसणाऱ्यांचा गट

शोधनिबंधात जे बसतं ते छापलं जातं, आणि जे बसत नाही ते चहाच्या वेळी सांगितलं जातं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाकडे हा दुसऱ्या प्रकारचा साठा फार असतो. दिवा लागल्यावर बटण दाबायचं सोडून ‘आधी तो दिवा बंद करा, डोळ्यांवर येतोय’ म्हणणाऱ्या बाई, ‘तुमचा प्रश्नच चुकीचा आहे’ असं लिहून प्रश्नावली परत देणारे गृहस्थ, प्रयोगाच्या मध्येच डबा खायला बसलेला मुलगा. यांना तक्त्यात जागा नसते. ते डोक्यात साठत राहतात.

मी संशोधन पद्धती शिकवायचो. म्हणजे प्रयोग कसा करावा हे शिकवायचो. स्वतः फारसे प्रयोग केले नाहीत, कारण प्रत्येकात काही ना काही खोट दिसायची. तेव्हा पुढचं सगळं एकाच निरीक्षकाने, आणि तेही आठवणीतून सांगितलेलं आहे, हे लक्षात घ्यावं. दुसरी निरीक्षक म्हणजे माझी बायको. तिने हे वाचलं आणि दोन ठिकाणी ‘असं काही झालं नव्हतं’ म्हणाली. कोणती ती दोन ठिकाणं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

*

माझ्या स्वभावाची कल्पना आधीच दिलेली बरी.

एका रविवारी डिपार्टमेंटची मंडळी दोन गाड्या करून खडकवासल्याला निघाली. धायरी फाट्याशी आलो आणि मला घरच्या गॅसची आठवण झाली. निघताना मी तो दोनदा बघितला होता. पण दोन्ही वेळा बघणारा मीच. एकच माणूस एकच चूक दोनदा करू शकतो.

“मी परत जाऊन येतो,” मी म्हणालो.

“बंद आहे गॅस,” बायको म्हणाली. “तिसऱ्यांदा बघितल्यावर जास्त बंद होतो का?”

गाडीत वृंदाताई होत्या. आमच्या विभागप्रमुख. वृंदाताई कमी बोलतात, आणि बोलल्या की समोरचा माणूस घरी जाऊन विचार करत बसतो. त्यांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि मला म्हणाल्या, “सर, तुम्ही रिक्षाने जाऊन गॅस बघून या. आम्ही तोवर कंट्रोल ग्रुप म्हणून धरणावर भजी खातो.”

गॅस बंद होता. भजी संपली होती.

*

आंब्याच्या दिवसांत एकदा वाद झाला. देवगड आणि रत्नागिरी हापूस आपण डोळे मिटून ओळखू, असं वृंदाताई म्हणाल्या. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असं काही म्हणायची सोय नाही. लगेच प्रयोग ठरला. देणाऱ्यालाही माहीत नाही आणि खाणाऱ्यालाही माहीत नाही, असा. फोडींच्या बश्यांना नंबर दिले. कोणता नंबर कुठल्या आंब्याचा, हे फक्त मला ठाऊक.

मग मला शंका आली. वृंदाताईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं तर? माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. म्हणून मी एका विद्यार्थ्याला हळूच सांगितलं, “बश्यांचे नंबर एकदा बदलून टाक, आणि मला सांगू नकोस.” त्याने बदलले. पण तो माझाच विद्यार्थी. त्याला स्वतःच्या चेहऱ्याची शंका आली. त्याने मैत्रिणीकडून ते परत बदलून घेतले, आणि तिने चांगल्या संशोधकाप्रमाणे डोळे मिटून बदलले.

दोन डझन आंबे संपले. वृंदाताईंनी प्रत्येक बशीला ठामपणे गावाचं नाव दिलं. ते बरोबर का चूक, हे सांगू शकणारा एकही माणूस इमारतीत उरला नव्हता.

“निष्कर्ष लिहा,” वृंदाताई हात धूत म्हणाल्या. “आंबे गोड होते.”

*

बी.ए.च्या प्रात्यक्षिकांना प्रत्येक विद्यार्थ्याला एक ‘प्रयुक्त’ लागतो. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. नियम असा की दर वेळी नवा माणूस शोधायचा. व्यवहार असा की हॉस्टेलची रूममेट धरायची.

एका मुलीची रूममेट इंजिनिअरिंगची होती. वर्षभर तिच्यावर सगळे प्रयोग झाले. स्मरण, अवधान, थकवा, चिकाटी, बुद्धिमत्ता. कागदावर तिची बुद्धिमत्ता दर महिन्याला वाढत होती. कॉलेजात तिचे दोन विषय राहिले होते.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. नवीन होते. पहिलीच वेळ असावी, कारण सहीच्या जागी त्यांनी दोनदा चुकून तारीख लिहिली. आमची मुलगी समोर रूममेटला बसवून सूचना वाचू लागली, “आता मी तुम्हाला काही शब्द...”

“...दाखवणार आहे,” रूममेटने पुढचं म्हणून टाकलं. “त्यांचा अर्थ शोधायचा नाही. यात पास-नापास असं काही नसतं, त्यामुळे मनावर ताण घेऊ नका.”

मग ती परीक्षकांकडे वळली. “सर, हे तुम्हालाही लागू आहे.”

*

आता मनीषा. मनीषा कांबळे ही माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. मी निवृत्त झालो होतो, पण आधी नोंदणी झालेल्यांचं मार्गदर्शन पूर्ण करता येतं. ती खडकीची. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, आणि पीएचडी हातात पडल्याशिवाय कायम होणं शक्य नव्हतं. तिची पहिली मुदतवाढ संपली होती. दुसरी चालू होती. तिसरी मिळत नाही.

विषय साधा होता. वाचलेलं दुसऱ्याला सांगितलं, तर उतारवयात ते जास्त लक्षात राहतं का? साठीपुढची माणसं घ्यायची. त्यांनी काही आठवडे रोज एक छोटा मजकूर वाचायचा. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एक सांगणारा गट, म्हणजे वाचलेलं घरी कुणाला तरी सांगायचं. दुसरा गप्प गट, म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. शेवटी मनीषा एकेकाला बसवून विचारणार, काय काय आठवतं.

मी विचारलं, “गप्प गट गप्पच बसला, हे कशावरून?”

“त्यांना विचारीन, सर.”

“ते खोटं बोलले तर?”

“घरच्यांना विचारीन.”

“घरचे त्यांना सांभाळून घेत असतील तर?”

असं बरेच दिवस चाललं. ती नवीन आराखडा घेऊन यायची, मी नवीन शंका काढायचो. शंका खऱ्या होत्या, पण मुदत पण खरी होती. एकदा वृंदाताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“मनीषा,” त्या म्हणाल्या, “सरांच्या शंका संपेपर्यंत थांबलीस, तर तू स्वतःच या सॅम्पलमध्ये बसशील.”

*

पहिली छोटी चाचणी पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात घेतली. त्या दिवशीचा मजकूर मधमाश्यांवर होता. गप्प गटातले एक काका वाचून झाल्यावर उठले.

“यात एक चूक आहे.”

“काका, सांगायचं नाहीये,” मनीषा म्हणाली.

“सांगत नाहीये. दुरुस्ती करतोय.”

दुसऱ्यांना ती दुरुस्ती मान्य नव्हती. तिसऱ्यांच्या आजोळी मधाचं पोळं होतं. मनीषा कागद आवरून जिन्याने खाली येईपर्यंत सगळा संघ मधमाश्यांवर बोलत होता. ज्यांनी मजकूर वाचला नव्हता ते जास्त बोलत होते.

दुरुस्तीवाले काका तिला फाटकापर्यंत सोडायला आले. “निश्चिंत जा,” म्हणाले. “कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. आम्ही फक्त चर्चा केली.”

*

मग मनीषाने लोणी काळभोर बघितलं. तिथे तिची आत्या असते. गावातली म्हातारी माणसं चावडीपाशी एकत्र बसलेली होती. सुरुवातीचा प्रश्न सोपा होता. तुमची स्मरणशक्ती कशी आहे? एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम.

“किती लिहू, मामा?” तिने पहिल्या माणसाला विचारलं.

मामांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. थोडी कुजबुज झाली. “चार लिव्हा.”

“तुमची चार?”

“आमची समद्यांची.”

“मामा, प्रत्येकाचं वेगळं पाहिजे.”

“येगळं कशाला? आमच्यात भांडान लावायचं हाय का?”

मनीषाने पुन्हा समजावलं. प्रत्येकाचं डोकं वेगळं, प्रत्येकाची आठवण वेगळी. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. “ह्याला नावं ध्यानात राहत्यात. त्याला सालं. मला कुनी कुनाशी भांडलं त्ये. येकेकट्याला इचारलं तर समद्यांची येक. मिळून चार.”

*

राहिली खडकी. वडिलांच्या कारखान्यातले निवृत्त लोक.

“ते तुझ्या वडिलांचे मित्र,” मी म्हणालो. “तुला बरं वाटावं म्हणून हवी तशी उत्तरं देतील.”

“सर, ते मला लहानपणापासून ओळखतात,” मनीषा म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून ते काहीही करणार नाहीत.”

तसंच झालं. गप्प गट असा गप्प बसला की मला पहिल्यांदाच एखाद्या आराखड्याबद्दल आशा वाटली. अडचण सांगणाऱ्या गटाची झाली. सगळी नोकरी या लोकांनी ‘आत काय झालं ते फाटकाबाहेर न्यायचं नाही’ या शिस्तीत काढलेली. आता त्यांना घरी जाऊन सांगा म्हटलं, तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

“काका, वाचलेलं काकूंना सांगितलंत का?”

“काकूंचा काय संबंध?”

मनीषाने दोन दिवस विचार केला आणि सूचनेतला एकच शब्द बदलला. ‘घरी सांगावे’ याऐवजी ‘घरी सांगणे ही तुमची ड्यूटी आहे.’ दुसऱ्या दिवसापासून सगळा गट सांगू लागला.

आठवड्याने एक काकू मनीषाच्या घरी आल्या. “अगं, हे रोज संध्याकाळी ओट्यापाशी ताठ उभे राहतात, हत्तींबद्दल नाहीतर मिठाबद्दल काहीतरी सांगतात, आणि ‘रिपोर्ट संपला’ म्हणून थांबतात.”

“मग?”

“मी ‘ठीक आहे’ म्हटल्याशिवाय हलत नाहीत. भाकरी करपते.”

*

गप्प गटाची सूचना मात्र मी लिहिली. मनीषाचं वाक्य होतं, ‘वाचलेला मजकूर कुणालाही सांगू नये.’

मला शंका आली. कधीपर्यंत सांगू नये? शेवटचा मजकूर वाचून झाल्यावर, पण चाचणीच्या आधी, कुणी बोलला तर? म्हणून मी ‘अभ्यास संपेपर्यंत’ असं घातलं. पण अभ्यास संपला हे कुणी ठरवायचं? प्रत्येकाला वेगळं वाटू शकतं. शेवटी वाक्य असं झालं: ‘पुढील सूचना मिळेपर्यंत, वाचलेला मजकूर, त्याचा विषय किंवा त्यातील कोणताही भाग, संशोधिका वगळता, कुटुंबीयांसह कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही प्रकारे सांगू नये.’

“सर, हे सरकारी वाटतंय,” मनीषा म्हणाली.

“खडकीला चालेल.”

वृंदाताईंनी कागद वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “ज्याला समजेल तो गप्प बसेल, आणि ज्याला समजणार नाही तो तर बसेलच.”

*

संमतीच्या कागदावर मार्गदर्शकाचा फोन नंबर द्यावा लागतो. त्यामुळे एका दुपारी मला फोन आला.

“मी मिसेस गायकवाड, खडकीहून. तुम्ही प्रोफेसर का?”

मी हो म्हणालो. प्रोफेसर आहे का, असं कुणी विचारलं की मला अजूनही आत कुठेतरी शंका येते.

“आमचे हे रोज तुमचा कागद वाचतात आणि मनीषाला परत देऊन टाकतात. काय वाचलं विचारलं, तर ‘सांगता येत नाही’. नोकरीत होते तोवर मी एका शब्दाने विचारलं नाही. देशाचं काम होतं. आता रिटायर झाले. शेजारचे पवार भाऊजी तोच कागद वाचून त्यांच्या बायकोला सगळं सांगतात, अगदी उभे राहून. मग माझ्याच घरी गुपित का?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण गायकवाड गप्प गटात होते, आणि पवार सांगणाऱ्या गटात. मी काकूंना कारण समजावलं, तर गटांची गोष्ट फुटली. फुटली की मनीषाचं सगळं काम गेलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “मलाही सांगता येणार नाही.”

पलीकडे दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं.

“असं होय,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणजे तुम्हीही फॅक्टरीतलेच.”

*

मनीषाने प्रबंध मुदतीत दिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी व्हायवाची तारीख आली.

पीएचडीची व्हायवा खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं. एरवी बसतं कोण? दोन मैत्रिणी आणि पुढच्या वर्षी ज्यांची पाळी आहे ते. मनीषाच्या व्हायवाला अख्खी खडकी आली. दोन्ही गटांतले काका इस्त्रीचे शर्ट घालून, घरच्यांना घेऊन. एकमेकांना जयभीम, नमस्कार झाले. मनीषाची आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली, शेजारी वडील. त्यांच्या मागे गायकवाड काका आणि काकू. मी बायकोला बरोबर नेलं होतं, कारण माझे हात गार पडतात.

बाहेरगावचे परीक्षक बारीक अंगाचे, हळू बोलणारे. प्रबंध त्यांनी खरोखर वाचला होता, हे बघून माझी भीती वाढली. तासभर सगळं छान चाललं. मनीषाची उत्तरं स्वच्छ होती. परीक्षक मान डोलवत होते. मग त्यांनी मधलंच एक पान उघडलं.

“एकच शंका आहे. गप्प गट गप्पच बसला, हे कशावरून?”

वृंदाताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“मी त्यांना दर आठवड्याला विचारत होते, सर,” मनीषा म्हणाली. “घरच्यांनाही विचारलं.”

“त्यांनी सांगितलं आणि तुम्ही मानलंत?” परीक्षकांचा आवाज मऊच होता. “तुमचा सगळा निष्कर्ष या एका गोष्टीवर उभा आहे. ही माणसं घरी बोलली असतील, तर दोन गटांत फरक काय राहिला? मग मला प्रयोग पुन्हा करा, असं लिहावं लागेल.”

पुन्हा करा. तिसरी मुदतवाढ मिळत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मनीषाच्या वडिलांनी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती. बायकोने माझा हात धरला. मनीषा प्रबंधाची पानं मागेपुढे उलटू लागली.

परीक्षकांनी खोलीकडे बघितलं. “गप्प गटातलं कुणी इथे आहे का?”

गायकवाड काका उठून उभे राहिले.

“काका, बसून बोला.”

काका उभेच राहिले.

“तुम्ही पहिल्या दिवशी काय वाचलंत, आठवतं?”

“आठवतं.”

“काय होतं?”

काकांनी टाचा जुळवल्या.

“विसरलात का? काही हरकत नाही.”

“विसरलो नाही, साहेब. सांगता येणार नाही.”

“अहो, अभ्यास संपला,” परीक्षक म्हणाले. “प्रबंध छापून झाला. तो मजकूर इथे माझ्यासमोर आहे.”

“आपल्यासमोर असेल, साहेब,” गायकवाड काका म्हणाले. “मला पुढील सूचना मिळालेली नाही.”

परीक्षकांनी मनीषाकडे बघितलं. मनीषाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

परीक्षकांनी प्रबंध मिटला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “माझे प्रश्न संपले.”

“माझे नाही संपले,” गायकवाड काकू म्हणाल्या.